गरम घंटी ठोकू न्हाई

मनुबाई: न्हाई म्हंजे न्हाई, मास्तर. थंड घंटी हात दुखंस्तवर ठोका, मी आडवी येनार न्हाई. पर इस्तवावर धरल्याली घंटी ठोकायची न्हाई. आमा ओताऱ्यांत ते चालत न्हाई.

मधुकर: का चालत नाही, एवढं तरी सांगा. मी सांगलीहून दोन गाड्या बदलून आलोय.

मनुबाई: तान्हं लेकरू असतं ते.

मधुकर: कोण?

मनुबाई: घंटी. मुशीतनं साच्यात उतरली की पाच दिस तिला बोलू द्यायचं न्हाई. पाचवीला कडुलिंबाचा पाला बांधायचा, हळदकुकू लावायचं, मग पैला टोला. त्येच्या आदी ठोकली तर सटवाई आवाज घिऊन जाती.

मधुकर: अहो, पण ही घंटा ओतून आठ महिने झाले.

आप्पासो: व्हय की. आठ म्हयन्याचं पोरगं रांगाया लागतंया. आनि ही तर कचेरीच्या दारात टांगून तासातासाला मार खाती. मीच मारतोय, मला ठावं.

मनुबाई: परत इस्तवावर धरली की परत तान्ही. आप्पासो, तुमी हवालदार हाय, कचेरीतलं बगा. भट्टीतलं आमाला बगू द्या.

आप्पासो: माजी ना न्हाई, मनुबाई. पर हुकूम हाय. मामलेदारसायब म्हनले, ‘हवालदार, घंटी गाडीत घाल, जिनं ओतली तिच्याच भट्टीवर न्हे, कालिजातलं मास्तर येतील, ते म्हनतील तसं कर.’ आता मास्तर म्हनले घंटीला सल्यूट मार, तर मी मारनार.

मधुकर: सल्यूट नको. तिला भट्टीवरच्या त्या तिकाटण्याला टांगा, साखळीनं. आणि शेजारी ही दुसरी. ही कोणाची म्हणालात?

मनुबाई: मामंजींच्या हातची. नमुन्याची हाय. गिऱ्हाईक आलं की तिला एक टोला द्यायचा, गिऱ्हाईक गप व्हतं.

मधुकर: छान. दोघी साधारण एकाच वजनाच्या आहेत, म्हणजे तुलना करता येईल. आधी मामलेदारांचं पत्र वाचतो, म्हणजे मी उगाच खोड्या काढायला आलोय असं तुम्हाला वाटायला नको. ‘कचेरीची जुनी घंटा तडकल्याने मनुबाई ओतारीण यांजकडून नवी करून घेण्यात आली. सदर घंटेचा आवाज अंगणातील चिंचेपलीकडे जात नाही. तरी आपण शास्त्रीय परीक्षा करून पुढील बाबींवर अहवाल द्यावा. कलम एक, घंटेस कोठे फट आहे काय. कलम दोन, आवाज बसका असण्याचे कारण काय. कलम तीन, घंटा तास देण्याच्या कामास योग्य आहे काय.’ आणि खाली तांबड्या शाईत, ‘लबाडी आढळल्यास ओतणाऱ्यावर खटला भरण्यात येईल.’

मनुबाई: तांबड्या शाईत?

मधुकर: त्यात घाबरण्यासारखं काही नाही. लबाडी केली असेल तरच.

आप्पासो: मास्तर, तुमी धीर देऊ नका कुनाला. हातपाय गार पडत्यात ऐकूनशान.

मधुकर: बरं. पहिलं कलम सोपं आहे. मी सकाळी भिंग लावून सगळी घंटा तपासली. फट नाही. ओतकाम अगदी नितळ आहे, मनुबाई, कुठं फुगवटा नाही की छिद्र नाही. आता थंड टोला. आप्पासो, मामंजींच्या घंटेला द्या. मी घड्याळ धरतो.

आप्पासो: घ्या.

मधुकर: …अजून आहे. …अजून ऐकू येतंय. …आता गेला. बेचाळीस सेकंद.

मनुबाई: मामंजी म्हनायचे, टोला देऊन पान खायला बसावं, पान संपलं तरी घंटीचं बोलनं संपू न्हाई.

मधुकर: आता कचेरीची.

आप्पासो: घ्या. झालं बी.

मधुकर: पाच सेकंद. पाचसुद्धा मी उदारपणे म्हणतोय. मनुबाई, एकाच भट्टीतल्या दोन घंटा. एक बेचाळीस, एक पाच.

मनुबाई: एका आईच्या दोन पोरी असत्यात. एक तोंडाळ निघती, एक घुमी.

मधुकर: घुमेपणाचं कारण शोधायलाच मला बोलावलंय. म्हणून तापवायची. आप्पासो, भाता मारता येतो?

आप्पासो: आमच्या पाटनकडं लग्नात नवरदेवाला पैलं ह्येच इचारत्यात.

मनुबाई: लोहाराच्या घरी इचारत असतील.

आप्पासो: लोहाराच्याच घरी दिली बहीण. ल्हानपनापास्नं दाजींचा भाता मारलाय. सरा बाजूला.

मनुबाई: मास्तर, मी हात जोडते. सटवाईचा कोप असतो बगा. आमच्या जातीत एकानं गरम घंटी ठोकली, त्येची म्हस आटली.

मधुकर: माझ्याकडे म्हैस नाही. खोली आहे भाड्याची आणि एक सायकल.

मनुबाई: सायकल पंक्चर हुईल.

मधुकर: ती रोजच होते.

आप्पासो: इस्तू फुलला, मास्तर. आता काय?

मधुकर: आता हा शिशाचा तुकडा. आमच्या प्रयोगशाळेतला आहे, सुपारीएवढा. हा घंटेच्या डोक्यावर, कड्याच्या बुडाशी या खळग्यात ठेवायचा. घंटा तापत जाईल तसा तोही तापेल. तो वितळला की समजायचं, घंटेचं अंग शिसं वितळण्याइतकं तापलं. एवढी उष्णता मोजेल असा तापमापक आमच्याकडे एकच होता, तो गेल्या वर्षी फुटला आणि लढाईमुळे नवा येत नाही. म्हणून ही युक्ती. मामंजींच्या घंटेवरही एक तुकडा ठेवतो. तिलाही तेवढंच तापवायचं.

मनुबाई: मामंजींची घंटी जळू द्या, पोळू द्या, ती बोलायची ऱ्हानार न्हाई.

मधुकर: आणि कचेरीची?

मनुबाई: …मला काय ठावं.

आप्पासो: मनुबाई, मालकांचं कागदपत्र येतं का मिसरातनं?

मनुबाई: दोन म्हयन्यामागं आलं. तोफखान्याच्या भट्टीवर हायती. लिवलंय, हितं बी ओतकाम, हितं बी धूर, फकस्त भाकरी न्हाई.

आप्पासो: म्हंजे ते सरकारसाठी तिकडं ओतत्यात, तुमी सरकारसाठी हिकडं.

मनुबाई: व्हय. आनि दोगांवर बी सरकारचा इस्वास न्हाई.

मधुकर: थांबा, थांबा. तुकडा लवला. बघा, कडा गोल झाली. पसरला. आता पाऱ्यासारखा चमकतोय. दोन्हींवर एकदमच. आप्पासो, लाकडी हातोडा घ्या. आधी मामंजींची.

आप्पासो: घ्या. …आरं बापरं, तापून बी वाजतिया की. जरा मऊ बोलतिया, पर बोलतिया.

मधुकर: एकवीस सेकंद. आता दुसरी.

मनुबाई: आप्पासो, नगा.

आप्पासो: हुकूम हाय, मनुबाई. …ह्ये काय झालं? परत मारू?

मधुकर: मारा.

आप्पासो: मातीच्या डेऱ्यावर मारल्यावानी वाटतंया. टोला पडला आनि मेला. मास्तर, गेला आवाज. खरंच न्हेला हो सटवाईनं.

मनुबाई: मी म्हनलं हुतं. आता तरी उतरवा तिला.

मधुकर: सटवाई कसली, हे शिसं आहे. अहो, किती सुंदर निकाल आलाय. चार वर्षं मुलांना कंप आणि त्याचं शमन शिकवतोय, पण असा डोळ्यांदेखत… म्हणजे कानांदेखत कधी ऐकला नव्हता. मनुबाई, तुमच्या घंटेत शिसं आहे, आणि थोडंथोडकं नाही.

आप्पासो: शिसं? बंदुकीच्या गोळीचं असतं त्ये?

मधुकर: तेच. असं बघा, आप्पासो. काशाच्या घंटेत तांबं आणि कथील. दोन्ही एकमेकांत विरघळतात, साखर दुधात विरघळावी तशी. शिसं मात्र त्यांच्यात विरघळत नाही. थेंब थेंब होऊन वेगळंच बसतं.

आप्पासो: ताकातलं लोनी.

मधुकर: अगदी. आता टोला दिला की सगळी घंटा कापते, आणि ते कापणं म्हणजेच आवाज. थंड असताना हे थेंब घट्ट असतात, पण काशापेक्षा पुष्कळ मऊ. ते थोडं कापणं गिळतात, म्हणून आवाज बसका. घंटा तापली की बाहेरून ती घट्टच राहते, पण पोटातले थेंब वितळतात. हजारो ठिकाणी पातळ शिसं. मग कंप आतल्या आतच…

मनुबाई: कच्चं अंडं जिमिनीवर फिरवा, दोन गिरक्यांत थांबतं. उकडल्यालं फिरवा, गरगर फिरत ऱ्हातं. आतलं पातळ बाहेरच्याला फिरू देत न्हाई. एवढंच हाय ते.

मधुकर: वा. याहून चांगला दृष्टान्त मी देऊ शकलो नसतो. …पण मनुबाई, तुम्हाला हे माहीत होतं?

मनुबाई: मला काय ठावं असनार. अंड्याचं बोलले मी.

आप्पासो: मनुबाई, शिसं कशाला घातलं हो घंटीत?

मनुबाई: आप्पासो, इस्तू पडला बगा. परड्यात उडवं हाय, त्यातनं टोपलंभर गोवऱ्या आना. वरच्या नगं, ओल्या हायत. खालच्या काडा. सावकास काडा, उडवं ढासळंल.

आप्पासो: सावकास म्हंजे किती सावकास?

मनुबाई: लय.

आप्पासो: बरं. चाललो.

मधुकर: हवालदारांना पाठवायची गरज नव्हती. मी प्रश्न त्यांच्यासमोरच विचारणार होतो.

मनुबाई: म्हनून तर पाठवलं. मास्तर, तुमी लय शिकल्यालं मानूस, पर तुमच्या तोंडाला झाकन न्हाई. हवालदाराम्होरं ‘शिसं हाय, शिसं हाय’ म्हनून पोरावानी टाळ्या पिटताय.

मधुकर: निकाल लागला की मला आनंद होतो.

मनुबाई: तुमचा आनंद हुतो आनि माजी भट्टी जाती. ऐका आता. ती पाचवी, ती सटवाई, सगळं खोटं हाय. आमच्या मामंजींनी काडल्यालं. एकांद्या सालात कथील म्हाग व्हायचं, मग ओतारी चिमूटभर शिसं ढकलायचे. थंड घंटीत कुनाला कळायचं न्हाई, पर गरम ठोकली की गप बसायची आनि लबाडी उगडी पडायची. म्हनून गिऱ्हाइकाला सांगायचं, बाबा, तान्हं लेकरू हाय, ठोकू नगं.

मधुकर: म्हणजे तुमच्या मामंजींनी हा सगळा प्रयोग माझ्याआधी केला होता?

मनुबाई: केला हुता, आनि कुनाला सांगितला नव्हता. ह्यो तुमच्यात आनि त्येंच्यात फरक.

मधुकर: पण तुम्ही शिसं घातलंत कशाला? चिमूटभर नाही हे. माझ्या अंदाजानं तीन-चार शेर तरी आहे.

मनुबाई: चार शेर. खिळं हुतं.

मधुकर: खिळे? लोखंडाचे खिळे काशात कसे वितळतील?

मनुबाई: लोखंडाचं न्हाई हो. छापखान्यातलं. अक्षरांचं.

मधुकर: …अरे देवा.

मनुबाई: माजा भाचा गुंडा. कुंडलच्या माज्या भनीचा ल्योक. नावच गुंडा, मानूस म्हनाल तर मुंगीला वाट देनारं. सांगलीला छापखान्यात खिळं जुळवायचा. बेचाळीसला समदी उटली तसा ह्यो बी उटला. मळ्यात, कुटं कुटं, पत्रकं छापायचा. खिळ्यांची थैली माज्याकडं भाताच्या कणगीत ठिवायचा. एक दिस सांगावा आला की गावात झडती हाय. भट्टीवर मूस चढल्याली, कचेरीच्याच घंटीची. फौजदार वेशीत. मी थैली उचलली, खिळं मुशीत, थैली चुलीत.

मधुकर: कचेरीच्या घंटेत?

मनुबाई: दुसरी कुनाची घंटी त्या दिशी चढली नव्हती. फौजदार आला. म्हनला, काय चाललंय? मी म्हनलं, तुमच्याच कचेरीची घंटी, सायेब, येळेवर आला, नारळ फोडा. फोडला बिचाऱ्यानं. टोपी काडून नमस्कार बी केला.

मधुकर: हसू नका, मनुबाई. म्हणजे… मलाही हसू येतंय, पण हसू नका.

मनुबाई: खिळ्यांनी भर पडली, तेवढं कासं मुशीत जास्तीचं उरलं. ते मी कचेरीला परत दिलं. मामलेदार म्हनला, लय इमानदार बाई.

मधुकर: आणि तेव्हापासून कचेरीच्या दारात तासातासाला…

मनुबाई: व्हय. गुंडाची पत्रकं वाजत्यात. पर हळू.

मधुकर: गुंडा कुठं आहे आता?

मनुबाई: इचारू नगा. मला बी ठावं न्हाई, आनि ठावं न्हाई त्येच बरं हाय. मास्तर, आता हसनं सोडून सांगते. मला लय भ्या वाटतंय. शिसं हाय म्हनून लिवलं की सायेब इचारनार, कुठनं आलं? मग छापखाना धुंडाळनार, मग गुंडा. मी तुरुंगात गेले तर भट्टी इझनार. मालक मिसरातनं येऊन थंड भट्टीम्होरं बसनार. एक घरातलं सरकारच्या पलटनीत, एक सरकारच्या इरुद्ध, आनि मी मदी भाता फुकती. एवडं तारा.

मधुकर: माझ्याकडून काय हवंय तुम्हाला?

मनुबाई: लिवा की, आवाज सटवाईनं न्हेला.

मधुकर: हे मी लिहिलं तर कॉलेज मला नेईल कुठंतरी.

मनुबाई: मग लिवा, शिसं न्हाई.

मधुकर: ते खोटं आहे. खोटं मला लिहिता येत नाही, मनुबाई. नीतीचा आव आणत नाही मी, मला खरंच जमत नाही. लहानपणी आईनं लाडू मोजायला सांगितले की मी खाल्लेलेसुद्धा मोजायचो.

मनुबाई: लय मार खाल्ला असंल.

मधुकर: दर दिवाळीला.

मनुबाई: मग म्हना, मोडीच्या भांड्यांत आलं असंल. कासं-तांबं कुटं मिळत न्हाई म्हनून कचेरीनंच मोड दिली हुती.

मधुकर: ‘असेल’ हा शब्द माझ्या अहवालात बसत नाही. आणि मोडीची यादी या पत्राला जोडलेली आहे. हंडे, पराती, तपेल्या, एक समई. शिसं कुठंच नाही. शिवाय एक गोष्ट सांगतो, रागावू नका. मला कारण सापडलं की कारणाचं कारण लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. शिसं आहे इतकंच लिहून थांबलो तर ते अर्धवट राहतं.

मनुबाई: अर्धवट ऱ्हाऊ द्या की. जगात किती तरी अर्धवट हाय. हवालदार आला बगा.

आप्पासो: ह्या घ्या गोवऱ्या. खालच्या काडल्या, लय सावकास काडल्या. उडवं ढासळलंच. एक इच्चू निगाला, त्येला बी सावकास जाऊ दिला.

मनुबाई: आता गोवऱ्या नगं. इस्तू ओडून काडा. घंटी निवू द्या.

आप्पासो: मास्तर, एक काळजी हाय. हिचा आवाज परत येनार का न्हाई? का ही अशीच डेऱ्यावानी ऱ्हानार?

मधुकर: येणार. थेंब गोठले की येणार. वरचा तुकडा बघत राहा आणि दर मिनिटाला टोला देत राहा.

आप्पासो: तुकडा गोठला बगा. कातडं धरलं वर. मारतो. …न्हाई आला.

मधुकर: परत मारा.

आप्पासो: न्हाई. तुकडा दगडावानी झाला, घंटी मुकीच. मास्तर, तुमी तर म्हनला हुता…

मधुकर: म्हणालो होतो खरं. हे मला कळत नाही. बाहेरचं शिसं गोठलं म्हणजे आतलंही गोठायला हवं.

मनुबाई: दम धरा. आतलं उशिरा निवतं.

मधुकर: का?

मनुबाई: का ते तुमी शोधा. मी चार घंट्या ऐकल्यात, समद्या उशिराच निवल्या. बाहेरच्याला वारा लागतो, सोबत असती. आतला थेंब एकलाच कोंडल्याला. मानसाचं बी तसंच असतं.

आप्पासो: आला, आला. ऐका. …आली बया परत. बसका, पर हिचाच आवाज.

मधुकर: पुन्हा पाच सेकंद. जसाच्या तसा. मनुबाई, बारीक थेंब बंदिस्त असला की गोठायला उशीर लावतो, हे पाण्याच्या बाबतीत मी वाचलंय. धातूच्या पोटात असं होत असेल आणि ते कानांनी ओळखता येईल, हे मी कुठं वाचलं नव्हतं. तुमच्या मामंजींना भेटायला मला आवडलं असतं.

मनुबाई: त्येंनी तुमाला भट्टीच्या जवळ येऊ दिलं नसतं.

आप्पासो: मास्तर, मी कचेरीतला ल्हान मानूस, पर एक बोलू? तुमी ही घंटी मोडा म्हनून लिवू नगा. मला हीच पायजे.

मधुकर: का बरं? हिचा आवाज तर चिंचेपलीकडे जात नाही.

आप्पासो: न जाऊ दे. जुनी तडकायच्या आदी बी लय वंगाळ हुती. एक टोला दिला की घूंऽऽ करत ऱ्हायची. बारा वाजवायचं म्हंजे एक टोला दुसऱ्याच्या अंगावर पडायचा. पक्षकार अकरा मोजायचे, वकील तेरा मोजायचे, आनि शिव्या मला. कुनाचा खटला हुकला की म्हनायचे, हवालदारानं तास चुकवला. ही कशी, टोला पडला, गप. दुसरा पडला, गप. दाने मोजावं तसं मोजा. आठ म्हयन्यात तास चुकल्याची एक तक्रार न्हाई.

मधुकर: हे मोठं महत्त्वाचं आहे, आप्पासो. हे मी लिहिणार.

आप्पासो: माजं नाव घालू नगा.

मधुकर: नाव घालत नाही. आता मला लिहू द्या. मोठ्यानं वाचत लिहितो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की पाठीमागं लिहिलं. ‘कलम एक. घंटेस फट नाही. ओतकाम उत्तम आहे.’

मनुबाई: उत्तमच्या म्होरं काय न्हाई का?

मधुकर: अति उत्तम.

मनुबाई: असू द्या.

मधुकर: ‘कलम दोन. घंटेच्या धातूत शिशाचा अंश आहे. शिसे काशात न विरघळता थेंबरूपाने राहते व कंप शोषून घेते. तापविल्यास थेंब वितळून आवाज जवळजवळ नाहीसा होतो, निवल्यावर पूर्ववत् होतो. रस साच्यात नीट उतरावा म्हणून ओतकामात शिसे घालण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे.’ हे खरं आहे, मनुबाई. शिशानं रस पातळ होतो, बारीक कोपऱ्यात शिरतो. ही रीत मी स्वतः पाहिलेली आहे.

मनुबाई: खरं हाय. नितळ उतरली म्हनून तर तुमाला भिंगातनं छिद्र घावलं न्हाई.

मधुकर: ‘कलम तीन. देवळाच्या घंटेचा नाद लांबावा लागतो. तासाच्या घंटेचे टोले मोजता यावे लागतात. सदर घंटेचा टोला लवकर विरत असल्याने टोले एकमेकांत मिसळत नाहीत. सबब ती तास देण्याच्या कामास जुन्या घंटेपेक्षा अधिक योग्य आहे.’

आप्पासो: लय झ्याक. आता सही करा. गाडीवान खोळंबलाय.

मधुकर: आता चौथं.

आप्पासो: चौथं कुटलं? सायबानं तीनच इचारलंय.

मधुकर: तीनच विचारलंय. पण शिसं कुठून आलं याचा उल्लेख… मी टाक बुडवून बसलोय, आप्पासो. खोटं मला येत नाही, आणि जे खरं आहे ते लिहवत नाही. कोरं सोडलं तर उद्या वर्गात मुलांना कोणत्या तोंडानं सांगू, की निष्कर्ष पुरा लिहा?

मनुबाई: लिवा, मास्तर. तुमचा धर्म तुमी पाळा. मी काय तुमचा हात धरनार न्हाई.

आप्पासो: मास्तर, एक इचारायचं ऱ्हाऊन गेलं. तुमाला छापखान्यातलं कळतं का?

(मनुबाईच्या हातातला चिमटा खाली पडतो.)

मधुकर: थोडंफार. वर्गासाठी टाचणं छापून घेतो सांगलीत. का हो?

आप्पासो: झडतीच्या दिशी फौजदारसायबांनी हितं नारळ फोडला, तवा मी राखंत हुडकत हुतो. ड्यूटी हुती. त्यात ह्यो घावला. बारका हाय, तांदळाच्या दान्यावानी. आठ म्हयने डगल्याच्या खिशात हाय.

मनुबाई: आप्पासो…

आप्पासो: दावला न्हाई कुनाला. दावला की रपोट लिवायचा, आनि लिवायचा मला लय कंटाळा. पर मनात किडा वळवळतोय. अक्षर असतं तर कसंबी वाचलं असतं, उलटं असलं तरी. ह्येच्यावर अक्षरच न्हाई. नुसता ठिपका. ह्यो ठिपका कशाचा म्हनायचा?

मधुकर: बघू. खिळ्याला इथं खाच असते, ती अक्षराच्या तळाच्या बाजूला, आणि ठिपका खाचेकडंच आहे. म्हणजे हा ठिपका ओळीच्या तळाशी बसतो. वर असता तर अनुस्वार झाला असता. हा पूर्णविराम आहे, आप्पासो.

आप्पासो: त्यो कवा लावत्यात?

मधुकर: सांगायचं ते सांगून झालं, की.

आप्पासो: मग तिसऱ्या कलमाम्होरं लावा की, मास्तर. आमाला कचेरीत जाऊन सांजचं सा वाजवायचं हायत.